ध्रुवीय अस्वल वेगळं कधी झालं? दीड लाख, सहा लाख की चाळीस लाख वर्षांपूर्वी?

चौकस_चंपू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय.

सध्या अस्वलांच्या उत्क्रांतीवर मिळेल ते वाचतोय. जगात आज अस्वलांच्या आठच प्रजाती उरल्यात, त्यामुळे वंशवृक्ष काढणं सोपं असेल असा माझा समज होता. आठ नावं, सात फाटे, विषय संपला. पण ध्रुवीय अस्वल तपकिरी अस्वलापासून कधी वेगळं झालं, या एकाच प्रश्नाची मला सापडलेली उत्तरं बघा:

२०१० : सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी
२०१२ : सुमारे सहा लाख
२०१२ (हो, तेच वर्ष) : ४० ते ५० लाख
२०१४ : साडेतीन ते पावणेपाच लाखांच्या दरम्यान
२०२२ : १३ ते १६ लाख

सगळी उत्तरं डीएनएवरूनच काढलेली आहेत. कोणी ऐरेगैरे नाहीत, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले शोधनिबंध आहेत. यातलं बरोबर काय धरायचं? आणि जनुकीय पुरावा इतका डळमळीत असेल, तर हाडं आणि दात बघून नाती ठरवणारे जुने लोक काय वाईट होते?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गप्पिष्ट

पहिल्या रांगेतली खुर्ची माझी. होऊन जाऊ द्या.

तर्कटी

शेवटच्या वाक्याला कडक अनुमोदन. हाड हातात धरता येतं. "रेण्वीय घड्याळ" (डीएनए ठरावीक गतीने बदलतो असं धरून काळ मोजणं) नावाचं जे प्रकरण आहे त्यात आधी घड्याळ कुठलं लावायचं ते ठरवतात आणि मग हवी ती वेळ दाखवतात. चंपू यांची यादीच पुरेशी बोलकी आहे.

रानवेडा

तर्कटी, हाडांचा विषय काढलातच तर पांडापासून सुरुवात करू.

१८६९ मध्ये आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्याने पांडाची माहिती युरोपात कळवली, ती अस्वल म्हणूनच. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये मिल्न-एडवर्ड्स यांनी सांगाडा आणि दात तपासले आणि हा लाल पांडा-रॅकूनच्या गोतावळ्यातला आहे असं सांगितलं. तिथून जो वाद सुरू झाला तो शंभर वर्षांहून जास्त चालला. एक गट म्हणणार अस्वल, दुसरा म्हणणार रॅकून, तिसरा म्हणणार दोघंही नाहीत, वेगळं कुळ काढा. प्रत्येकाकडे हाडांचाच पुरावा! दाढा बांबू चघळण्यासाठी रुंद झालेल्या, मनगटातलं एक हाड वाढून खोटा अंगठा तयार झालेला, आणि तसाच खोटा अंगठा लाल पांडालाही. मग नातेवाईक म्हणायचं की एकाच खाण्यामुळे सारखे दिसायला लागलेले दोन परके?

निकाल लागला तो १९८५ मध्ये, स्टीफन ओब्रायन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये छापलेल्या कामाने. त्यांनी प्रथिनं तपासली, डीएनए किती जुळतो ते पाहिलं आणि गुणसूत्रंही बघितली. सगळ्यांचं उत्तर एकच आलं: पांडा हे अस्वलच, फक्त अस्वलांच्या मूळ खोडापासून सगळ्यात आधी फुटलेली फांदी. लाल पांडा मात्र दुसरीकडे गेला, रॅकून, मुंगसासारखी दिसणारी वीझल मंडळी आणि स्कंक यांच्या बाजूला.

शेवंता

पण पांडाची गुणसूत्रं ४२ आणि बाकीच्या अस्वलांची ७४ असं कुठेतरी वाचलंय. एवढा फरक असताना ते एकाच कुळातले कसे?

रानवेडा

शेवंताताई, तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि १९८५ च्या त्या कामातला सगळ्यात देखणा भाग नेमका हाच आहे. गुणसूत्रांना रंग दिला की त्यावर गडद-फिके पट्टे उमटतात. पांडाचं एक मोठं गुणसूत्र घेतलं की त्याचा वरचा अर्धा भाग तपकिरी अस्वलाच्या एका छोट्या गुणसूत्राशी पट्ट्याला पट्टा जुळतो आणि खालचा अर्धा दुसऱ्या एका छोट्याशी. थोडक्यात, मजकूर तोच, छोटी गुणसूत्रं टोकाला टोक लागून चिकटलीत. मोजायला गेलात तर ४२, वाचायला गेलात तर अस्वल.

दक्षिण अमेरिकेतल्या चष्मेवाल्या अस्वलाची गुणसूत्रं ५२ आहेत. उरलेल्या सहाही प्रजातींची ७४.

तर्कटी

एक मिनिट. १९६४ मध्ये ड्वाइट डेव्हिस नावाच्या गृहस्थाने पांडाची बारकाईने चिरफाड करून, स्नायू न् स्नायू बघून, हे अस्वलच आहे असं लिहून ठेवलं होतं. डीएनएच्या वीस वर्षं आधी. निव्वळ शरीररचनेवरून. त्याचं श्रेय कोण देणार?

रानवेडा

देऊ की, हातचं राखून कशाला? पण डेव्हिस यांनी लिहिल्यावरही वाद मिटला नाही, कारण समोरच्याकडेही हाडंच होती. त्यात कोणतं लक्षण वारशाने आलेलं आणि कोणतं सवयीने घडलेलं, हे हाड स्वतःहून सांगत नाही.

आणखी एक मासला घ्या. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ यांनी भारतातल्या आपल्या नेहमीच्या काळ्या झिपऱ्या अस्वलाला चक्क स्लॉथच्या (झाडाला उलटा लटकणारा सुस्त प्राणी) गटात टाकलं होतं! कारण काय, तर लांब वाकड्या नख्या आणि वरचे मधले दोन पुढचे दात गायब. ते दात नसतात कारण हे अस्वल ओठांचा चंबू करून त्या फटीतून वाळवी ओढून घेतं. खाण्याच्या सवयीने बदललेले दात, आणि त्यावरून थेट दुसऱ्या खंडातल्या प्राण्याशी सोयरीक.

गप्पिष्ट

कोआलाही अस्वल नाही हे कोणी सांगायच्या आत मीच सांगून टाकतो. तो कांगारूच्या बाजूचा. आणि पाणअस्वल (पाण्यातला एक सूक्ष्म जीव) अस्वल तर नाहीच, धड सस्तनही नाही. चला, माझं योगदान संपलं.

पेट्रीडिश

धागा आवडला. मी प्राचीन डीएनएच्या प्रयोगशाळेत काम करते. अस्वलांवर नाही, पण हाडं तशीच आणि वैतागही तोच. चंपू, मूळ प्रश्नाकडे येते. जरा लांबण लागेल.

तुमच्या यादीतली दीड लाख, ४०-५० लाख आणि १३-१६ लाख ही तीन उत्तरं शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाची आहेत, आणि त्या तिन्हींत एक हाड सामाईक आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर पूलेपिंटेन नावाच्या ठिकाणी २००४ मध्ये ध्रुवीय अस्वलाचा जबडा सापडला. वय साधारण १ लाख १० हजार ते १ लाख ३० हजार वर्षं. हाड तेच, माणसंही बरीचशी तीच. मग बदललं काय? त्या हाडातून वाचता आलेला मजकूर.

२०१० मध्ये त्यातून फक्त मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा देणारा, स्वतःचा वेगळा डीएनए असलेला भाग) जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला गेला. कारण व्यावहारिक आहे. केंद्रकातल्या डीएनएच्या प्रत्येक पेशीत दोनच प्रती असतात, मायटोकॉन्ड्रियाच्या शेकडो, कधी हजारो. इतक्या जुन्या हाडात डीएनएचा अक्षरशः भुगा झालेला असतो. पन्नास-साठ अक्षरांचे (डीएनएची अक्षरं चार: ए, सी, जी, टी) तुकडे, टोकांना सडून "सी"चा "टी" झालेला, आणि वर बॅक्टेरियाचा डीएनए ढिगाने. अशा भुग्यात ज्याच्या प्रती जास्त तेच आधी हाती लागतं.

पण मायटोकॉन्ड्रिया येतो फक्त आईकडून. आडनाव जसं फक्त बापाच्या बाजूने खाली येतं आणि सोळा खापरपणजोबा-पणज्यांपैकी एकाचाच पत्ता देतं, तसं. त्यात अक्षरं किती? जेमतेम १७ हजार. केंद्रकातली दोनशे कोटींच्या वर. त्या १७ हजार अक्षरांनी सांगितलं की ध्रुवीय अस्वल आणि अलास्काच्या एबीसी बेटांवरची (अ‍ॅडमिरल्टी, बारानोफ, चिचागोफ) तपकिरी अस्वलं एकमेकांना फार जवळची आहेत, इतर तपकिरी अस्वलांपेक्षाही जवळची. म्हणजे वरवर पाहता ध्रुवीय अस्वल हे तपकिरी अस्वलांच्याच झाडावरची एक उशिराची डहाळी. म्हणून दीड लाख.

२०१२ मध्ये फ्रँक हायलर आणि सहकाऱ्यांनी केंद्रकातल्या १४ स्वतंत्र जागा वाचल्या. आणि चित्र उलटलं! सगळी ध्रुवीय अस्वलं एका बाजूला, सगळी तपकिरी दुसऱ्या बाजूला, एबीसी बेटांवरचीसुद्धा. दोन सख्ख्या शाखा, सहा लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या. त्याच वर्षी लिंडक्विस्ट यांच्या गटाने पूर्ण जीनोम वाचून ४०-५० लाख सांगितले. त्यानंतर २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने ८९ जीनोम घेऊन साडेतीन ते पावणेपाच लाखांवर आणून ठेवलं.

आता हे आकडे का हलतात ते सांगते. पहिली गोष्ट, घड्याळाची गती: दर पिढीत किती अक्षरं बदलतात आणि अस्वलाची एक पिढी किती वर्षांची, हे दोन आकडे गृहीत धरावे लागतात. दुसरी गोष्ट महत्त्वाची. वेगळे झाल्यावरही दोन्हीकडची अस्वलं अधूनमधून भेटून पिल्लं काढत होती. ही सरमिसळ हिशेबात धरली नाही तर दोन प्रजाती आहेत त्यापेक्षा जास्त सारख्या दिसतात आणि फाटा अलीकडचा वाटतो. सरमिसळ हिशेबात घेतली की पहिली फारकत मागे सरकते. कोणी किती सरमिसळ धरली, यावर तारीख ठरते.

चौकस_चंपू

ताई, दंडवत. हे असं कोणी एका जागी लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. पण मग एबीसी बेटांवरच्या तपकिरी अस्वलांत ध्रुवीय अस्वलासारखा मायटोकॉन्ड्रिया आला कुठून?

पेट्रीडिश

त्याची गोष्ट माझी लाडकी आहे. २०१३ मध्ये बेथ शपिरो यांच्या गटाने एबीसी अस्वलांचे जीनोम तपासले. बहुतेक गुणसूत्रांत ध्रुवीय अस्वलाचा वाटा सुमारे एक टक्का. पण एक्स गुणसूत्रात सुमारे साडेसहा टक्के! आणि मायटोकॉन्ड्रिया तर पुरता ध्रुवीय.

आता जुळवून बघा. मायटोकॉन्ड्रिया आईचा. एक्स गुणसूत्रं मादीत दोन, नरात एक, म्हणजे तोही माद्यांकडेच जास्त वावरतो. जे जे मादीच्या बाजूचं, त्यात ध्रुवीय वाटा जास्त. म्हणजे मूळच्या माद्या ध्रुवीय होत्या आणि बाहेरून येत राहिले ते तपकिरी नर. हिमयुग सरताना बर्फ मागे हटला, ध्रुवीय अस्वलं त्या बेटांवर अडकली. तपकिरी नर लांब भटकतात, माद्या जन्मल्या जागेच्या आसपास राहतात. नर पोहून येत राहिले, पिढ्यान्पिढ्या. शेवटी एक अख्खी ध्रुवीय वस्ती हळूहळू तपकिरी होऊन गेली. आज बघणाऱ्याला ती सरळसरळ तपकिरी अस्वलं दिसतात.

आयर्लंडमधल्या नामशेष तपकिरी अस्वलांच्या हाडांतही असाच ध्रुवीय वळणाचा मायटोकॉन्ड्रिया २०११ मध्ये सापडला होता. म्हणजे हे एकदाच घडलेलं नाही.

मुक्तछंद

ही सरमिसळ आहे की जुन्या पूर्वजाकडून दोघांनाही आलेला समान वारसा आहे, हे ओळखायची एक चाचणी आहे ना? नाव गमतीशीर आहे तिचं.

पेट्रीडिश

अब्बा-बाबा चाचणी. खरंच तेच नाव आहे. दोन जवळचे नातेवाईक घ्या, तिसरा जरा लांबचा, चौथा अगदी परका. परक्याकडचं जुनं अक्षर "ए", बदललेलं "बी". तिसऱ्याकडचं "बी" कधी पहिल्याकडे दिसतं, कधी दुसऱ्याकडे. नुसत्या जुन्या वारशाने हे होत असेल तर दोन्ही प्रकार साधारण सारख्याच वेळा दिसायला हवेत. एका बाजूचं पारडं ठळक जड झालं तर समजायचं, तिकडे तिसऱ्याचं येणंजाणं होतं.

गप्पिष्ट

आईकडून आलेल्या मायटोकॉन्ड्रियाने घातलेला घोळ निस्तरायला शेवटी अब्बा आणि बाबा दोघांनाही बोलवावं लागलं तर.

शेवंता

गप्पिष्ट _/\_

तर्कटी

एवढं सगळं वाचल्यावर माझा साधा प्रश्न. दोघांची पिल्लं होतात, त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात, मग या दोन प्रजाती कशा? एकच प्रजाती म्हणा, धागा बंद करा, वीज वाचवा.

रानवेडा

तर्कटी, पिल्लं होतात ते खरंच आहे. २००६ मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटावर एक अस्वल शिकारीत मारलं गेलं. अंगावर ध्रुवीय अस्वलासारखी मलईच्या रंगाची फर, पण डोळ्यांभोवती आणि नाकाजवळ तपकिरी छटा, पाठीवर ग्रिझलीसारखा (उत्तर अमेरिकेतलं तपकिरी अस्वल) उंचवटा, लांब नख्या. डीएनए तपासल्यावर आई ध्रुवीय आणि बाप ग्रिझली निघाला. जंगलातला हा पहिला सिद्ध झालेला संकर. २०१० मध्ये दुसऱ्या पिढीतला संकरही सापडला, त्याची आईच संकर होती.

२०१७ मध्ये त्या भागातल्या आठ संकरांची वंशावळ काढली तर सगळे एकाच ध्रुवीय मादीचे वंशज निघाले. तिने दोन ग्रिझली नरांशी संग केला होता. म्हणजे सर्रास चाललंय असं नाही, एका बाईसाहेबांची वेगळी आवड म्हणा.

पण "पिल्लं होतात म्हणून एकच प्रजाती" हा नियम लावला तर निम्मं प्राणिशास्त्र पुन्हा लिहावं लागेल.

पेट्रीडिश

त्यात भर. २०१४ च्या त्याच कामात ध्रुवीय अस्वलात जोरदार निवड झालेली जनुकं शोधली होती. यादीत एपीओबी नावाचं जनुक वरच्या क्रमांकावर होतं, रक्तातली चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं. सील मासा... माफ करा, सील प्राण्याची चरबी हेच मुख्य अन्न असलेल्याला ते लागणारच. फरच्या रंगाशी संबंधित जनुकंही सापडली. म्हणजे सरमिसळ होत राहिली तरी ध्रुवीय अस्वलाला ज्याने ध्रुवीय बनवलं ते पुसलं गेलं नाही. मी तरी याला दोन प्रजाती म्हणेन आणि शांत झोपेन.

मुक्तछंद

काळ्या अस्वलांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. अमेरिकी काळं अस्वल आणि आशियाई काळं अस्वल दिसायला सख्खे भाऊ. मायटोकॉन्ड्रियाचं झाडही तेच सांगतं. पण केंद्रकातला पूर्ण जीनोम घेतला की अमेरिकी काळं अस्वल जाऊन बसतं तपकिरी-ध्रुवीय जोडीजवळ, आणि आशियाई काळं अस्वल सूर्य अस्वल आणि आपल्या वाळवीखाऊ झिपऱ्याच्या कंपूत.

२०१७ मध्ये पूर्ण जीनोम एकत्र मांडून जे काम झालं त्यात हे स्पष्ट दिसलं. आणि तिथेही कारण तेच: आशियाई काळ्या अस्वलाचा तपकिरी-ध्रुवीय-अमेरिकी काळ्यांच्या पूर्वजाशी जोरदार जनुकीय व्यवहार झाला होता. त्या लेखकांनी झाडाऐवजी सरळ जाळं काढलं आणि तेच योग्य वाटतं. जीनोमचा एक तुकडा एक नातं सांगतो, शेजारचा तुकडा दुसरं. दोन्ही तुकडे खरंच बोलत असतात.

तर्कटी

म्हणजे शेवटी पक्कं काहीच नाही असं म्हणायचंय का?

मुक्तछंद

असं कुठे म्हटलं? पांडा सगळ्यात आधी फुटला, मग चष्मेवाला, मग उरलेले सहा, यावर कोणाचंच दुमत नाही. तपकिरी आणि ध्रुवीय ही सगळ्यात जवळची जोडी, यावरही नाही. भांडण आहे ते मधल्या गुंत्यावर. आणि तो गुंता का आहे तेही कळतंय: सहाही जण भूशास्त्रीय हिशेबात भराभर फुटले, साधारण ५० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास धडाधड फांद्या आल्या, आणि फुटल्यावरही एकमेकांकडे जाणं-येणं चालू ठेवलं.

शेवंता

नामशेष गुहा-अस्वलांचाही असाच काही संबंध होता का? माणसांत निअँडरथलचा अंश असतो तसा?

पेट्रीडिश

अगदी तसाच. २०१८ मध्ये गुहा-अस्वलांचे जीनोम तपासले तेव्हा आजच्या तपकिरी अस्वलांत ०.९ ते २.४ टक्के डीएनए गुहा-अस्वलाचा निघाला. गुहा-अस्वल संपून वीस हजारांहून जास्त वर्षं झाली, तरी जिवंत अस्वलांच्या पेशींत त्याचे तुकडे फिरतायत.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगते. अशा कामासाठी सगळ्यांना हवं असतं ते आतल्या कानाभोवतीचं हाड. कवटीतलं सगळ्यात टणक हाड, त्यामुळे आतला डीएनए टिकतो. कॉकेशसमधल्या ३ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या गुहा-अस्वलाचा जीनोम अशाच हाडातून निघाला, आणि तिथे गोठलेली जमीन नव्हती हे विशेष. आपण डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, दोन-दोन हातमोजे, मास्क. ड्रिल अगदी हळू चालवायचं, कारण तापलं की डीएनए गेला. हाती येते चिमूटभर फिकी पूड. शिंक आली तर बाहेर पळायचं. नाहीतर "गुहा-अस्वलात माणसाचा डीएनए सापडला" अशी बातमी.

रानवेडा

जिवंत अस्वलांचं काम तुलनेने मजेचं. मी एका सर्वेक्षणात स्वयंसेवक होतो. झाडांना गुंडाळून काटेरी तारेचं छोटं कुंपण करायचं, मध्ये उग्र वासाचं आमिष. अस्वल तारेखालून आत शिरतं आणि काट्यावर केसांचा झुबका सोडून जातं. आपण नंतर जाऊन चिमट्याने केस उचलायचे, मुळासकट असलेलेच कामाचे. प्रत्येक काट्याचे केस वेगळ्या कागदी पाकिटात. प्लास्टिक नाही, ओलावा धरतं. आणि पुढच्या काट्याकडे जाण्याआधी चिमटा ज्योतीवर धरायचा. अस्वल एकदाही दिसलं नाही, पण कोण कुणाचं पिल्लू ते कळलं.

गप्पिष्ट

केसांवरून आठवलं. यतीचे केस! त्याचं काय झालं पुढे?

मुक्तछंद

धाग्याचं अपहरण होतंय, पण विषय अस्वलांचाच आहे म्हणून लिहितो.

२०१४ मध्ये ब्रायन साइक्स यांनी "यतीचे" म्हणून जपलेले केस तपासले. त्यातले दोन नमुने, लडाख आणि भूतानमधले, स्वालबार्डच्या प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी तंतोतंत जुळतात असं जाहीर झालं. हिमालयात ध्रुवीय अस्वलाचा अज्ञात वंशज! बातमी जगभर गेली. पण वाचलेला तुकडा होता मायटोकॉन्ड्रियाच्या एका जनुकाचा, जेमतेम शंभर अक्षरांचा. इतरांनी तपासल्यावर लक्षात आलं की एवढ्याशा तुकड्यावरून ध्रुवीय आणि तपकिरी असा फरकच करता येत नाही.

२०१७ मध्ये पुन्हा लिंडक्विस्ट यांच्याच गटाने यतीचे म्हणून सांभाळलेले नऊ नमुने तपासले. हाड, दात, कातडी, केस, विष्ठा असं काय काय. आठ अस्वलांचे निघाले: हिमालयी तपकिरी, तिबेटी तपकिरी आणि आशियाई काळं. नववा कुत्र्याचा.

गप्पिष्ट

त्या कुत्र्याबद्दल आदर वाढला.

मुक्तछंद

हसण्यावारी नेऊ नका, त्यातून मोलाची गोष्ट हाती लागली. हिमालयी तपकिरी अस्वल हे बाकी सगळ्या तपकिरी अस्वलांपासून फार आधी, साधारण साडेसहा लाख वर्षांपूर्वी, वेगळं झालेलं निघालं. तिबेटी तपकिरी अस्वल शेजारी राहूनही त्याची शाखा वेगळी. अशी फार कमी अस्वलं उरलीत, त्यांना "इतर तपकिरी अस्वलांपैकीच" म्हणून सोडून देता येणार नाही.

चौकस_चंपू

धागा कुठल्या कुठे गेला, पण तक्रार नाही. पेट्रीडिशताई, एकच हट्ट. डोक्यावर बंदूक ठेवली तर तुम्ही पाचपैकी कोणतं उत्तर उचलाल?

पेट्रीडिश

बंदूक खाली ठेवा, सांगते.

दीड लाख सरळ बाद. तो आकडा मायटोकॉन्ड्रियाच्या एका वंशरेषेचा आहे, प्रजातीचा नाही. ४०-५० लाखही मी धरणार नाही, त्या गटाने स्वतःच पुढे १३-१६ लाखांवर आणलं. उरलं साडेतीन लाख ते सोळा लाख. माझा कल वरच्या टोकाकडे आहे, कारण २०२२ मध्ये त्याच जबड्यातून प्रत्येक अक्षर सरासरी दहा वेळा तपासून जीनोम वाचलाय आणि सरमिसळीचा हिशेबही जास्त नीट घातलाय. पण मला वाटतं "कधी वेगळे झाले" हा प्रश्न एकच दिवस मागतो, आणि असा दिवस नव्हताच. फारकत झाली, मग भेटले, मग पुन्हा दूर गेले.

आणि भांडण संपलेलं नाही बरं का. २०२२ मध्येच दुसऱ्या गटाने अलास्कात ब्यूफोर्ट समुद्राच्या किनाऱ्यावर सापडलेल्या सुमारे एक लाख वर्षांपूर्वीच्या ध्रुवीय अस्वलाची कवटी वाचली. ते म्हणतात जनुकं ध्रुवीयकडून तपकिरीकडे गेली, आजच्या तपकिरी अस्वलांत जास्तीत जास्त दहा टक्के ध्रुवीय वाटा. लिंडक्विस्ट यांचा गट म्हणतो मुख्य प्रवाह उलटा, तपकिरीकडून ध्रुवीयकडे. एकाच वर्षी, दोन्ही पूर्ण जीनोमवरून. दिशेचा निकाल माझ्या मते आणखी जुन्या हाडाशिवाय लागत नाही.

जाता जाता: त्या कवटीचं नाव "ब्रुनो" ठेवलं होतं. डीएनए वाचल्यावर मादी निघाली.

तर्कटी

बरं. माझं हाडांवरचं प्रेम कायम ठेवून एक विचारतो. उत्तर अमेरिकेत आर्क्टोडस आणि दक्षिणेत आर्क्टोथेरियम, दोन्ही अवाढव्य, आखूड तोंडाची नामशेष अस्वलं. हे दोघं तरी सख्खे ना? की तिथेही फोडाफोड?

पेट्रीडिश

फोडाफोडच. २०१६ मध्ये आर्क्टोथेरियमचा डीएनए वाचला तेव्हा ते आर्क्टोडसपेक्षा आजच्या चष्मेवाल्या अस्वलाला जवळचं निघालं. म्हणजे दोन्ही खंडांत अवाढव्य अस्वलं स्वतंत्रपणे घडली.

तर्कटी

पण २०१६ चं तेही मायटोकॉन्ड्रियावरूनच ना? दोनशे ओळी खर्चून तुम्हीच सांगितलंत की एकट्या मायटोकॉन्ड्रियावर विसंबू नका.

पेट्रीडिश

हो, मायटोकॉन्ड्रियावरूनच. पकडलंत बरोबर. आर्क्टोडसच्या बाजूचं पुढे सरकलंय. २०२१ मध्ये मेक्सिकोतल्या चिकिविते गुहेतल्या गाळातून काळ्या अस्वलाचा आणि आर्क्टोडसचा, दोघांचाही केंद्रकातला डीएनए निघालाय. हाड नाही, दात नाही, निव्वळ गुहेतली माती चाळून.

रानवेडा

मातीतून?! ताई, याचा वेगळा धागा काढा. आजच.